विमान कोणी केले? पोथीने की पान्याने?

बीड जिल्ह्यातील शेतकरी, कारागीर व मजूर बंधू-भगिनींनो,

हल्ली एक टूम निघाली आहे. जत्रेच्या मंडपात, सप्ताहाच्या पारावर, लग्नाच्या पंगतीत, आणि आता हातातल्या फोनवरही, एकच पाठ चालू असतो. विमान ही काही गोऱ्या लोकांची करणी नव्हे. ते आपल्या ऋषींनी हजारो वर्षांपूर्वीच केले होते. सगळे पोथीत लिहून ठेवले आहे. साहेबाने पोथी पळवली आणि तिच्यावरून यंत्र उभे केले! ऐकणाऱ्याची मान डोलते, छाती दोन बोटे फुगते. मग तो उठून घरी जातो, आणि विहिरीवरची मोटार जळून पडलेली असते ती तशीच पडलेली असते.

कोणी म्हणेल, विमानाशी आपला काय संबंध? आपण विमान पाहिले ते बांधावर उभे राहून, कपाळावर हात धरून, खालून. चढले ते दुसरेच. वादही त्यांचा त्यांनाच लखलाभ असो. बंधूंनो, असे म्हणून चालणार नाही. विमान कोणी केले, हा प्रश्न वरवर आकाशाचा दिसतो, पण तो आहे जमिनीचा. विद्या कोठे उपजते, कोणाच्या हातून उपजते आणि तिचे श्रेय कोणाच्या पदरात पडते, हा तो प्रश्न आहे. त्याचे उत्तर चुकले म्हणजे तुमच्या पोराची शाळा चुकते. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

आधी आपले घर पाहू. अहिल्यानगर-बीड-परळी हा लोहमार्ग १९९५ साली मंजूर झाला. परळीकडे रूळ जुने आहेत. पण जिल्ह्याचे ठाणे जे बीड शहर, तेथे पहिली प्रवासी गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. मंजुरीच्या साली जन्मलेले मूल गाडी येईपर्यंत तीस वर्षांचा बाप्या झाले. बीडहून परळीकडचा रूळ त्या दिवशीही पुरा व्हायचाच होता. आणि ज्यांना एका आगगाडीसाठी तीस वर्षे तिष्ठत ठेवले, त्यांनाच सांगतात काय, तर तुमचे पूर्वज ग्रहावरून ग्रहावर हिंडत होते! भुकेल्याला ताटाचे चित्र दाखवावे, त्यातलाच हा प्रकार नव्हे काय?

आता हे बोलणे पारावरच्या रिकामटेकड्यांचेच असते तर आम्ही त्याकडे पाहिलेही नसते. पण २०१५ सालच्या जानेवारीत मुंबई विद्यापीठाच्या कालिना येथील आवारात भारतीय विज्ञान काँग्रेसचे १०२ वे अधिवेशन भरले, त्यात ४ जानेवारीला कॅप्टन आनंद बोडस यांनी प्राचीन भारतातील विमानविद्येवर निबंध वाचला. सात हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे विमाने होती, ती ग्रहावरून ग्रहावर जात, पुढे उडत तशी मागेही उडत, असे त्यांचे म्हणणे. हा निबंध वाचू देऊ नये म्हणून अधिवेशनाआधीच शास्त्रज्ञांकडून अर्ज गेला होता. तरी तो वाचला गेला, आणि वाचला गेला तो विज्ञानाच्या मांडवात.

त्याच २०१५ साली पुढे काय झाले ते मराठवाड्याने सांगायला नको. पाऊस दडी मारून बसला. सोयाबीन करपले, कापूस खुरटला, हातपंपाने खाकरायला सुरुवात केली. मग ऑगस्ट महिन्यात सरकारने ढगांवर क्षार सोडून पाऊस पाडण्याचा घाट घातला आणि त्यासाठी औरंगाबादला (आजच्या छत्रपती संभाजीनगरला) विमान आणून ठेवले. त्याने पाऊस किती पडला हा वाद निराळा. आमचा प्रश्न इतकाच की, ते विमान आले कोठून? परदेशी कारखान्यातून निघालेले, ठेक्याने आणलेले! सात महिन्यांपूर्वी कालिन्याला ज्या पोथीचा एवढा जयजयकार झाला, त्या पोथीतले एखादे विमान त्या दिवशी कोणी का बाहेर काढले नाही? ग्रहावर जाणे राहू द्या. बीडवरून पाटोद्यापर्यंत, ढगाखालून एक फेरी मारली असती तरी आम्ही साष्टांग घातला असता.

तेव्हा त्या पोथीची कुंडली एकदा मांडलीच पाहिजे. तिचे नाव 'वैमानिक शास्त्र'. ती भरद्वाज ऋषींची म्हणून सांगतात. पण ती कागदावर आली कधी? बंगळूरकडचे पंडित सुब्बराय शास्त्री यांनी ती १९१८ ते १९२३ या काळात तोंडाने सांगितली आणि वेंकटाचल शर्मा यांनी लिहून घेतली. शास्त्रीबुवांना ती कोठे मिळाली? कोणत्या मठात, कोणत्या ताडपत्रावर? कोठेच नाही. ती त्यांना दिव्य दृष्टीने, अंतरातून उमगली असे सांगण्यात आले. तिच्यातली विमानांची चित्रे बंगळूरच्याच एका इंजिनियरिंग कॉलेजातील नकाशे काढणाऱ्या एल्लप्पा नावाच्या माणसाने काढली. म्हैसूरचे जी. आर. जोस्यर यांनी १९५० नंतर ती पुढे आणली, आणि १९७३ साली तिचे इंग्रजी भाषांतर छापले. म्हणजे ज्या काळी युरोपच्या पहिल्या महायुद्धात विमाने एकमेकांवर गोळ्या झाडीत होती, त्या काळी ही 'प्राचीन' पोथी प्रथम कागदावर उतरू लागली होती. लग्न लागून पोरे शाळेत जाऊ लागल्यावर कोणी मुहूर्ताची चिठ्ठी आणून दाखवावी, तसे हे झाले.

बरे, पोथी कधीची का असेना, तिच्यातले विमान उडते का? हातच्या कांकणाला आरसा कशाला? १९७४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एच. एस. मुकुंद आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी या पोथीतील शकुन, सुंदर, रुक्म व त्रिपुर या चारही विमानांची वर्णने व चित्रे घेऊन, वजन, आकार व वारा यांचे गणित मांडून पाहिले. निकाल असा पडला की, चारांपैकी एकही यान उडण्याच्या लायकीचे नाही. आणि पोथीची संस्कृत भाषा व छंद पाहता ती १९०४ सालाच्या अलीकडचीच आहे, वेदकाळाची मुळीच नाही. हे तपासणारे कोणी परके साहेब नव्हते. याच देशातील विमानविद्या शिकलेले व शिकविणारे हे लोक. त्यांनी पोथी जाळली नाही, फाडली नाही, शांतपणे मोजली. तेव्हापासून त्यांच्या मोजणीला मोजणीने उत्तर आलेले नाही, व्याख्याने मात्र चालूच आहेत.

आता दुसरे नाव घेतात ते मुंबईचे शिवकर बापूजी तळपदे यांचे. १८९५ साली त्यांनी गिरगावच्या चौपाटीवर 'मरुत्सखा' नावाचे बिनमाणसाचे विमान १५०० फूट उंच उडवले, महाराज सयाजीराव गायकवाड आणि न्यायमूर्ती रानडे तेथे हजर होते, अशी कथा आहे. तिच्यावर २०१५ च्या जानेवारीत एक हिंदी बोलपटही निघाला. आम्हास तळपदे यांची थट्टा करावयाची नाही. वेदात विमान आहे असे त्यांना वाटे. पण वाटले म्हणून ते पोथी उशाशी घेऊन निजले नाहीत, काही तरी घडविण्याची त्यांची धडपड होती, आणि धडपडणाऱ्या माणसाला आम्ही नमस्कार करतो. मात्र नमस्कार वेगळा आणि दाखला वेगळा. त्या उड्डाणाचा त्याच वेळी लिहिलेला भरवशाचा वृत्तांत कोणी पुढे ठेवलेला नाही. ना यंत्र उरले, ना त्याचे नकाशे, ना फोटो. मुंबई काही जंगल नव्हते. वर्तमानपत्रे होती, कॅमेरे होते, हायकोर्ट होते, विद्यापीठ होते. चौपाटीवर १५०० फूट यंत्र चढले असते तर दुसऱ्या दिवशी अर्धी मुंबई तळपद्यांच्या दारात उभी राहिली असती. आणि समजा, खरोखरच उडाले होते. तर मग त्याला पैसा कोणी दिला नाही, दुसरे विमान करू दिले नाही, नकाशा जपून ठेवला नाही, हा दोष कोणाचा? जे आज त्यांच्या नावाने छाती पिटतात, त्यांनी या प्रश्नाचे उत्तर द्यावे.

आता खऱ्या विमानाची हकीकत ऐका. ती तुमच्या कामाची आहे.

अमेरिकेत ओहायो प्रांतात डेटन नावाचे गाव आहे. तेथे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट हे दोघे भाऊ राहत. बाप पाद्री, बिशप. बायबलातही अग्नीचा रथ एका संताला घेऊन आकाशात जातो; पण या पोरांनी विमान बायबलात शोधले नाही. दोघांपैकी एकही कॉलेजात गेला नाही. हायस्कुलाचा दाखलासुद्धा कोणी घेतला नाही. आधी त्यांनी छापखाना घातला, छापण्याचे यंत्र स्वतः जुळविले आणि १८८९ साली एक छोटेसे वर्तमानपत्र काढले. ऑर्व्हिलच्या वर्गात पॉल लॉरेन्स डनबार नावाचा काळा मुलगा होता. त्याचे आईबाप गुलामगिरीत राबलेले. पुढे हा मोठा कवी झाला. त्याने १८९० साली आपल्या काळ्या बांधवांसाठी पत्र काढले ते याच छापखान्यात छापले गेले. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक, काळ्यांना दास्यातून सोडविणाऱ्या ज्या अमेरिकन लोकांना अर्पण केले, त्या देशातील ही पुढची पिढी.

१८९२ साली राइट बंधूंनी सायकलींचे दुकान काढले. पंक्चर काढायचे, आरे ताणायचे, साखळी बसवायची, पुढे स्वतःच्या सायकली घडवून विकायच्या. तुमच्या गेवराईच्या, माजलगावच्या, केजच्या स्टँडाजवळ तेलकट हाताने चाक फिरवीत बसलेला जो मिस्त्री आहे ना, त्याच्याच बिरादरीतले हे दोघे. १८९९ साली विल्बरने वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहिले : उड्डाणाविषयी जे काही छापले गेले आहे ते मला वाचावयाचे आहे. संस्थेने पुस्तके व टिपणे धाडली. ती त्यांनी वाचली, आणि लगेच कामाला लागले.

१९०० व १९०१ साली त्यांनी किटी हॉक नावाच्या वाळूच्या किनाऱ्यावर इंजिनाशिवाय तरंगणारी पंखयंत्रे उडवून पाहिली. ती हिशेबाप्रमाणे उचलेनात. आता येथे नीट लक्ष द्या. त्या वेळी पंखाला वारा किती उचलतो याची कोष्टके छापलेली होती. जर्मनीचे ऑटो लिलिएंथाल हे थोर उड्डाणवीर. १८९६ साली उडतानाच पडून गेले. त्यांची कोष्टके जगभर मानली जात. हिशेबात जो वाऱ्याचा आकडा घेत, तो शंभर वर्षांहून जुना. राइट बंधू म्हणाले नाहीत की, एवढ्या थोरांनी लिहिले ते खोटे कसे असेल? त्यांनी सहा फूट लांबीची लाकडी पेटी केली, एका बाजूने पंख्याने वारा सोडला, करवतीची पाती आणि सायकलीच्या आऱ्यांची तार वापरून तराजू केला, आणि सुमारे २०० तऱ्हांचे पंख त्या पेटीत टांगून एकेकाची उचल मोजली. जुना आकडा चुकीचा निघाला. त्यांनी तो सोडला आणि आपला मोजलेला धरला. छापील अक्षराला प्रश्न विचारण्याची ही जी छाती, तीतून विमान निघाले.

इंजिन कोणी करून देईना. तेव्हा दुकानातला चार्ली टेलर नावाचा यंत्रकामगार पुढे झाला. कागदाच्या तुकड्यांवर आकृत्या काढायच्या आणि त्यावरून लेथवर व ड्रिलवर धातू कापायचा, असे करून सहा आठवड्यांत त्याने बारा अश्वशक्तीचे इंजिन उभे केले. इंजिनाची फिरकी पंख्यांपर्यंत पोहोचवायची कशी? सायकलीसारख्या साखळीने व दातेरी चक्राने! पंखे लाकूड तासून केले. पंखांना कापड ताणले. सुतार, लोहार, शिंपी, साखळीवाला, या सर्वांची कला एका ठिकाणी आली. सगळ्या खटाटोपाला हजार डॉलरही लागले नाहीत, आणि ते दुकानाच्या गल्ल्यातून आले.

त्याच वेळी तिकडेही एक मोठे पंडित विमान करीत होते. सॅम्युएल लँग्ली, त्याच स्मिथसोनियन संस्थेचे मुख्य. सरकारच्या युद्धखात्याने त्यांना ५०,००० डॉलर दिले होते. त्यांचे विमान ७ ऑक्टोबर १९०३ रोजी पोटोमॅक नदीत पडले, आणि ८ डिसेंबरला पुन्हा पडले. त्यानंतर नऊ दिवसांनी, १७ डिसेंबर १९०३ रोजी, किटी हॉकच्या वाळूवर ऑर्व्हिल राइटने यंत्र उचलले. १२ सेकंद, १२० फूट. त्या दिवशी चार उड्डाणे झाली. शेवटचे विल्बरचे, ५९ सेकंद, ८५२ फूट. पाहायला पाच माणसे होती : किनाऱ्यावर बुडणाऱ्यांना वाचविणारे तीन रक्षक, एक लाकडाचा व्यापारी आणि एक पोरगा. त्या रक्षकांपैकी जॉन डॅनियल्स याने उभ्या जन्मात कॅमेरा हाती धरला नव्हता; त्यानेच फोटो काढला. तो आजही आहे. पुढे दोन वर्षे या भावांनी डेटनजवळच्या एका गायरानात, गाई हाकलून, यंत्र उडविले, पाडले, सुधारले. आणि ५ ऑक्टोबर १९०५ रोजी ते ३९ मिनिटे हवेत राहून २४ मैल फिरले. १९०८ साली फ्रान्समध्ये लोकांसमोर उडवून दाखविले, तेव्हा जे त्यांना थापाडे म्हणत होते त्यांनीच टोप्या काढल्या.

पण कथा येथे संपत नाही. श्रेय पळविण्याची खोड फक्त आपल्याकडेच आहे असे समजू नका. लँग्ली वारल्यावर, १९१४ साली, त्यांच्या बुडालेल्या विमानात पुष्कळ फेरफार करून ते थोडे उडवून दाखविण्यात आले, आणि स्मिथसोनियन संस्थेने पाटी लावली की, माणसाला घेऊन उडण्यास समर्थ असे पहिले विमान हे आमच्या मुख्यांचे! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. ऑर्व्हिल चिडला. त्याने १९२८ साली आपले खरे विमान देशाबाहेर, लंडनच्या संग्रहालयात नेऊन ठेवले. शेवटी १९४२ साली संस्थेने आपले म्हणणे मागे घेतले, आणि १९४८ च्या डिसेंबरात ते विमान वॉशिंग्टनला सन्मानाने परत आले. तोवर ऑर्व्हिल हयात नव्हता. एवढी मोठी संस्था दोन सायकलवाल्यांपुढे का वाकली? कारण सायकलवाल्यांजवळ यंत्र होते, फोटो होता, साक्षीदार होते, आणि दिवसा-दिवसाची लिहिलेली वही होती. कारागिराजवळ वही होती म्हणून त्याचे श्रेय वाचले. ही गोष्ट मनात घट्ट धरा.

आता मूळ मुद्द्यावर येऊ. आपल्याकडे विमान का झाले नाही? आपले लोक बुद्धीने कमी होते म्हणून? मुळीच नाही. बीड शहराजवळची खजाना बावडी पाहा. सोळाव्या शतकातले काम. जमिनीखालच्या बोगद्यांतून, पंप नाही की मोट नाही, नुसत्या उताराच्या हिशेबाने पाणी शेतापर्यंत नेले आहे. आपला जिल्हा ज्या निजामाच्या राज्यात १९४८ पर्यंत होता, त्याच राज्यातल्या कोनसमुद्रमच्या भट्ट्यांत पूर्वी असे पोलाद निघे की ते घेण्यासाठी इराणचे व्यापारी येत आणि त्याच्या तलवारी जगात नावाजत. हा अभिमान खरा आहे, कारण बावडी आजही उभी आहे आणि ते पोलाद आजही तपासता येते. पण सांगा, त्या पोलादाच्या लोहारांची नावे कोणत्या पोथीत आहेत? भट्टीत काय किती घालायचे, कधी हवा मारायची, कधी थांबायचे, हे कोणत्या ग्रंथात लिहून ठेवले? कोठेच नाही. बापाने पोराला हाताने दाखविले, पोराने नातवाला दाखविले, आणि एक दिवस विलायती पोलाद आले तशी भट्टी विझली. विद्या लोहाराबरोबर मातीत गेली.

कारण आपल्या समाजाने हाताची आणि अक्षराची ताटातूट केली. ज्याच्या हातात घण, त्याला अक्षर बंद. वेद ऐकायचासुद्धा तुमच्या-आमच्या पणजोबांना अधिकार नव्हता. आणि ज्याच्या हाती अक्षर, त्याला घण धरणे कमीपणाचे. चामड्याला हात लावील तो विटाळलेला, चिखल कालवील तो हलका, भाता ओढील तो अडाणी. लोहाराला भट्टी कळे पण टिपण करता येईना. पंडिताला टिपण करता येई पण भट्टी ठाऊक नाही. एकाचे ज्ञान मुके राहिले आणि दुसऱ्याचे पोकळ. राइट बंधूंचे नवल एवढेच की, एकाच माणसाच्या उजव्या हातात पाना होता आणि डाव्या हातात वही. त्या दोन्हींची गाठ पडली आणि विमान उडाले.

आणि आज गंमत पाहा. ज्या हातांना शेकडो वर्षे हलके म्हटले, त्याच जातीच्या हातांनी परदेशात विमान घडविले. तर आता म्हणतात, ते तर आमच्या ग्रंथात होतेच! अहो, ग्रंथात होते, तर मग तो ग्रंथ सुताराला का दाखविला नाही? लोहाराला का वाचू दिला नाही? ज्याच्यावाचून विमान घडणार नाही त्यालाच दाराबाहेर बसविले आणि विमान म्हणे घरात होते! हे बोलणे खरे मानले तर आपल्या पूर्वजांचा गौरव होत नाही, उलट ते विद्या दाबून ठेवणारे ठरतात. आणि खोटे मानले, तर त्यात आपले जाते ते काय?

कोणी म्हणेल, तुम्ही देवाधर्मावर उठलात. पुष्पक विमान खोटे म्हणता. छे! पुष्पक विमान ही कवीची भरारी आहे, आणि ती सुंदर आहे. उडण्याचे स्वप्न सर्व देशांच्या कथांत आहे; ग्रीकांच्या कथेत बाप-लेक मेणाचे पंख लावून उडतात. ती कथा ऐकावी, पोरांना सांगावी. ग्रीक लोक मात्र तिच्यावरून विमान आम्हीच केले असा दावा मांडीत नाहीत. रामकथा ऐकून भक्त व्हावे. तिच्यातून इंजिनाचा नकाशा काढू नये. कथेला दाखला करणारा माणूस कथेचाही घात करतो आणि दाखल्याचाही.

दुसरा कोणी म्हणेल, असल्या अभिमानाने तरुणांना हुरूप येतो. आम्ही म्हणतो, हुरूप पाहिजे तर खरा घ्या. सोलापूरला जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारला बरोबर घेऊन १९४० च्या डिसेंबरात बंगळूरला विमानांचा कारखाना काढला. नाशिकजवळ ओझरला १९६४ पासून लढाऊ विमानांचा कारखाना आहे. तेथे मिग झाली, सुखोई झाली. ती मंत्राने झाली नाहीत, फिटर, टर्नर, वेल्डर यांच्या हातांनी आणि इंजिनियरांच्या हिशेबाने झाली. मुंबईला कांदिवलीच्या चारकोपात कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर वर्षानुवर्षे खपून सहा माणसांचे विमान बांधले. २०१६ साली ते प्रदर्शनात आले, २०१७ च्या नोव्हेंबरात सरकारदरबारी नोंदले गेले आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवरून उडाले. यादवांना किती कागद रंगवावे लागले, किती तपासण्या द्याव्या लागल्या! खऱ्या विमानाला इतके जाबसाल, आणि सात हजार वर्षांपूर्वीच्या विमानाला एकही प्रश्न नाही, हा कोठला न्याय?

म्हणून बंधूंनो, पुढच्या वेळी कोणी मंडपात उभा राहून पोथीतले विमान उडवू लागला, तर भांडू नका, शिवी देऊ नका. हात जोडून तीन गोष्टी विचारा. महाराज, यंत्र कोठे आहे? ते उडाले त्या वेळी पाहून कोणी लिहून ठेवले? आणि तुमच्या पोथीवरून आज पुन्हा करून दाखविता येईल काय? बी विकणाऱ्याला तुम्ही उगवण विचारता, बैल घेताना दात मोजता, तर मग विद्या घेतानाच डोळे का मिटता?

आणि दुसरे काम त्याहून मोठे. दसरा झाला की आपल्या जिल्ह्यातून कोयत्यांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे उसाच्या फडावर निघतात. गाडीत भांडी चढतात, शेळी चढते, आणि दप्तर टाकून पोरगेही चढते. त्या दिवशी एका पोराची वही बंद होते आणि हातात वाढे येते. अगदी तीच जुनी ताटातूट, हात इकडे नि अक्षर तिकडे! जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे मागितले ते हेच की, खालच्या थरातील पोरांना प्राथमिक शिक्षण सक्तीने द्या. ते मागणे आजही फडावर पाचट गोळा करीत आहे. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची सोय सरकारने ठेवली आहे. ती तुमच्या गावी चालू आहे का, जेवण धड मिळते का, मास्तर येतो का, हे ग्रामसभेत उभे राहून विचारा. नसेल तर मागा. पोर आजीजवळ ठेवा, शेजारी ठेवा, वसतिगृहात ठेवा, पण दप्तर गाडीत टाकू देऊ नका.

ज्या पोराला यंत्राची ओढ आहे त्याला आयटीआयला घाला. आणि पोरीला ओढ असेल तर पोरीलाही घाला. पण नुसता पाना देऊन थांबू नका. त्याला गणित शिकवा, वही ठेवायला लावा. गावच्या लोहाराला, सुताराला, पंप दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला विचारून त्याची युक्ती लिहून काढायला सांगा. आपल्या बापजाद्यांची विद्या लिहून न ठेवल्यामुळे गेली. पोरांची तरी जाऊ देऊ नका.

विमान सायकलीच्या दुकानातून उडाले. आपल्या जिल्ह्यात सायकलीची, मोटारींची, पंपांची दुकाने गावोगाव आहेत. तेथे बसलेल्या तेलकट हातात वही गेली पाहिजे. ती कोणी पोथीवाला आणून देणार नाही. ती आपली आपणच दिली पाहिजे.